लढाईच्या सिनेमात जेवण कोण आणतं?

गॅरेजच्या पत्र्यावर धप्प, मग घरंगळत येऊन गवतात टप्प. हा आवाज यायला लागला की आमच्याकडे एप्रिल आला. परसातलं फिजोआचं झाड गॅरेजवर वाकलेलं आहे आणि पामर्स्टन नॉर्थ या आमच्या गावचा वारा कुणालाच स्वस्थ बसू देत नाही, त्यामुळे फळं तोडावी लागत नाहीत, नुसती वेचायची. कोंबडीच्या अंड्याएवढं हिरवं फळ. मधोमध कापायचं आणि चमच्याने खायचं. पेरू म्हणावा तर मध्येच अननस डोकावतो आणि वास तर लग्नाच्या मांडवात गुलाबपाणी शिंपडतात तसा. फिजोआ विकत घेणं म्हणजे या गावात आपल्याला कुणी ओळखत नाही हे चारचौघांत कबूल करणं. ज्याच्या घरी झाड आहे तो पिशव्या भरभरून कामावर आणतो आणि ज्याच्याकडे नाही तो पहिल्या आठवड्यात आनंदाने, तिसऱ्या आठवड्यात नाइलाजाने नेतो. मी काम करते त्या फार्मसीच्या टी-रूममध्ये काल सहा पिशव्या होत्या. त्यातल्या दोन माझ्या.

या हंगामाच्या पाठोपाठ इथे दुसरा हंगाम येतो, लढायांचा. पंचवीस एप्रिलला अँझॅक डे. इथली पोरं समुद्र ओलांडून दुसऱ्यांच्या लढाया लढायला गेली आणि त्यातली कितीतरी परत आली नाहीत, त्यांच्या आठवणीचा दिवस. तो जवळ आला की टीव्हीवर एकामागोमाग एक युद्धपट सुरू होतात आणि माझ्या नवऱ्याच्या अंगात येतं.

मंदार एरवी घरातला कोळीसुद्धा ग्लासात धरून बागेत सोडून येणारा माणूस. पण लढाईचा सिनेमा म्हटला की त्याला तहानभूक राहत नाही. त्यातही त्याची अट आहे. लढाई खरी झालेली हवी आणि सिनेमा अगदी तस्साच हवा. एकटा नायक वीस जणांना लोळवायला लागला की हा उठून पाणी प्यायला जातो. खंदकातला चिखल, वर्दीची बटणं, गोळी आधी दिसते की आधी ऐकू येते, या सगळ्याची त्याच्याकडे तपासणी होते. एप्रिलच्या दर रविवारी दुपारी दोन्ही गाड्या बाहेर काढून गॅरेज रिकामं करायचं, खिडकीला काळी चादर, समोरच्या भिंतीला प्रोजेक्टरसाठी पांढरी चादर, आणि गावातली पाच-सहा मराठी कुटुंबं आपापल्या खुर्च्या घेऊन हजर. बॉम्ब फुटला की भिंतीवर टांगलेले पाने-हातोड्या किणकिणतात आणि वरून दोन फिजोआ जास्तीचे पडतात.

या मंडळींत देशमुख डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलमध्ये भूल देणारे. त्यांच्याकडे जखमांचं खातं आहे. नायकाचा मित्र शेवटचे शब्द बोलायला लागला की डॉक्टर अंधारातून म्हणणार, "एवढं रक्त गेल्यावर माणूस इतकी व्याकरणशुद्ध वाक्यं बोलत नाही." मग मंदार सिनेमा थांबवणार, मग चर्चा. दोन तासांचा सिनेमा आमच्याकडे चार तास चालतो. मी चहा घेऊन जाते आणि मागच्या खुर्चीवर टेकते. खरं सांगायचं तर आता मलाही हे आवडायला लागलंय. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मात्र ‘खरं’, ‘अगदी खरं’ असं कुणी म्हणालं की मी चहाचं निमित्त काढून उठायचे.

याचं कारण माझे वडील, अप्पा. आणि त्याहून जास्त कारण मी.

अप्पा फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर, वय वीस-एकवीस. हवालदार होऊन निवृत्त झाले, खडकीत दोन खोल्यांचं घर घेतलं, पुढे बँकेच्या दारावर नोकरी केली. एवढं सगळं मी सगळ्यांना सांगत आले. सांगितलं नाही ते एवढंच, की अप्पा फौजेत स्वयंपाकी होते. लंगरात, म्हणजे फौजेच्या भटारखान्यात.

चौथीत असताना वर्गात एक मुलगी म्हणाली होती, "हिचे बाबा सैनिकांच्या पोळ्या लाटतात." सगळा वर्ग हसला. पाचवीत शाळा बदलली आणि पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं तेव्हा मी उभी राहून सांगितलं, माझ्या बाबांनी लढाईत मशीनगन चालवली. बाई कौतुकाने म्हणाल्या, "अरे वा!" ते अरे वा मला इतकं आवडलं की मी ते वर्षानुवर्षं जपलं. कॉलेजात सांगितलं. लग्न ठरताना मंदारला सांगितलं. तेव्हा मी पंचवीस वर्षांची बाई होते, पाचवीतली पोर नव्हते, पण एकदा सांगितलेली गोष्ट मागे घ्यायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. घरी ओट्यावर आईचं राज्य. अप्पा तिथे फिरकायचेसुद्धा नाहीत, त्यामुळे जावयाला कधी शंका आली नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी अप्पांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. फेब्रुवारीत आले, हिरवा स्वेटर, काळी टोपी, आणि बॅगेत माझ्यासाठी चार किलो मेतकूट. पहिल्याच सकाळी पहाटे उठून ओट्यापाशी उभे. "वैशू, तुम्ही दोघं कामावर जाता. मी काहीतरी शिजवून ठेवत जाईन."

"अप्पा, तुम्ही आराम करायचा. आयुष्यभर केलंत ना."

ते खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसले. मी ते प्रेमाने म्हटलं असं त्यांना वाटलं असेल. मला आज ते आठवलं की लाज वाटते. मी त्यांच्या हातातून झारा काढून घेत होते तो मंदारला दिसू नये म्हणून. म्हातारा माणूस दिवसभर खिडकीत बसून डोंगरावरच्या पवनचक्क्या मोजायचा, आणि मी कामावरून आल्यावर विचारायचे, कसा गेला दिवस? "सत्तावीस फिरत होत्या. तीन बंद," ते म्हणायचे.

एवढं झाकूनही ते बाहेर डोकवायचंच. शेजारच्या मार्गारेटबाई एप्रिलच्या सुरुवातीला डबाभर अँझॅक बिस्किटं घेऊन आल्या. ओट्सची, खरपूस, कडक. माझी अकरा वर्षांची सई दोघांच्या मध्ये दुभाषी. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र इंग्रजी, अप्पांना झेपेल असं सोपं.

"आजोबा, दीज वर फॉर सोल्जर्स. नो एग इन देम, सो दे डोन्ट गो बॅड."

अप्पांनी एक तुकडा मोडला, हुंगला, दाढेखाली धरला. "किती दिवस टिकतात विचार."

मार्गारेटबाई म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या काळात बोटीतून महिना-दोन महिने जायची.

"आमचे शक्करपारे वीस दिवस," अप्पा म्हणाले. "पण तुपाचं मोहन. ह्यात लोणी दिसतंय. आणि गोडाला साखर नाही, काकवीसारखं काहीतरी आहे. चांगलं हाताळलंय बाईंनी."

सईने तेवढंच भाषांतर केलं, "ही सेज यू आर अ गुड कुक." मार्गारेटबाई लाजल्या. मी घाईघाईने विषय बदलला. शक्करपारे कुणाचे, कुणी केले, हे मंदारने विचारायच्या आत.

मग गॅरेजचे रविवार सुरू झाले. पहिल्या रविवारी सिनेमा होता कुठल्यातरी किनाऱ्यावरच्या लढाईचा. तोफा, धूर, माणसं पाण्यात पडतायत, गॅरेज हादरतंय, आणि मानाच्या खुर्चीवर अप्पा गाढ झोपलेले. सगळे आदराने बघत होते. एवढ्या गोळीबारात झोपतो तो खरा फौजी, असं कुणीतरी कुजबुजलं. पडद्यावर एकदम शांतता झाली तसे अप्पा जागे झाले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यांनी सकाळपासून काही खाल्लंय का?"

गॅरेज हसलं. मीही हसले, पण माझं हसू निराळं होतं.

दुसऱ्या रविवारी वाळवंटातली लढाई. अप्पा म्हणाले, "पाण्याची गाडी दिसत नाही." तिसऱ्या रविवारी बर्फातली. "एवढ्या थंडीत चहा थर्मासात नाही टिकत, जाग्यावर करावा लागतो. चूल कुठाय ह्यांची?" मंदार थक्क. त्याने आयुष्यभर बटणं मोजली, आणि सबंध फौजेला जेवायला कुणी घालत नाही हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला तो मला म्हणाला, "अप्पांची नजर बघ काय आहे! मशीनगन चालवणारा माणूस, पण लक्ष बघ कुठे कुठे." मी त्याच्या वाटीत न मागता आणखी आमटी वाढली.

आणि मग आपल्या लोकांना होतं ते झालं. मराठी माणूस पाच जणांत सहावा मान्यवर दिसला की सत्कार केल्याशिवाय राहत नाही. मंदार आणि देशमुख डॉक्टरांनी ठरवलं, अँझॅक डेनंतरच्या रविवारी, ज्या लढाईत अप्पा होते त्याच लढाईवरचा सिनेमा लावायचा आणि त्याआधी गॅरेजमध्येच शाल आणि श्रीफळ देऊन अप्पांचा सत्कार. शाल डॉक्टरांच्या बायकोने काढली. नारळ इंडियन दुकानातून आला, शेंडीसकट. मंदार दोन रात्री बसून परिचय लिहीत होता. मी एकदा डोकावले. पहिल्याच ओळीत मशीनगन होती.

मला तेव्हा सांगता आलं असतं. दार लावून दोन वाक्यं. पण मी भांडी आवरायला गेले, मग कपड्यांच्या घड्या केल्या, मग झोपले. नवऱ्याला कळेल याची भीती फार नव्हती. तो चिडला असता, चार दिवस टोमणे मारले असते, संपलं असतं. भीती अप्पांची होती. परिचय वाचला जाणार अप्पांच्या समोर. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला भर गॅरेजात कळणार होतं, की आपली लेक आपली लाज वाटून आयुष्यभर दुसऱ्याच कुठल्यातरी बापाबद्दल सांगत आलीय.

रविवार उजाडला तो लखलखीत. ऊन असं की डोंगर हाताला लागतील. गॅरेजात खुर्च्या मांडल्या, नेहमीपेक्षा जास्त. मार्गारेटबाईंनाही बोलावलं होतं. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, त्यांना नुसतं सिनेमा आहे एवढंच सांगितलेलं. समोर टेबलावर शाल आणि नारळ बघून ते म्हणाले, "कुणाची पूजा आहे?"

मंदारने घसा खाकरला. "एकाहत्तर साल. पश्चिम सीमा. हातात मशीनगन घेऊन एक वीस वर्षांचा तरुण..."

अप्पांनी मागे वळून पाहिलं. असा कुणी तरुण दारात आलाय का, तसं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मंदारकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. रागावून नाही. नुसतं विचारल्यासारखं.

मी कशी उभी राहिले मला आठवत नाही. खुर्ची मागे पडली तो आवाज आठवतो.

"मंदार, थांब. अप्पांनी मशीनगन चालवली नाही. ते स्वयंपाकी होते. लंगरात. मला लहानपणी लाज वाटली म्हणून मी खोटं सांगितलं आणि पुढे सांगतच राहिले. चूक माझी आहे. अप्पा, माझं चुकलं."

सई मार्गारेटबाईंच्या कानात कुजबुजत भाषांतर करत होती ती थांबली. मंदार कागद हातात धरून उभा. मला वाटलं, आता अप्पा उठून घरात जातील.

अप्पा उठले. त्यांनी माझी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली आणि मला खांद्याला धरून त्यावर बसवलं. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "स्वयंपाकी, बरोबर. पण किती जणांचा ते राहिलं सांगायचं. एकशे अठरा. दोन वेळ. मंदारराव, लिहून घ्या."

हसायचं की नाही ते कुणाला कळेना. पहिल्यांदा देशमुख डॉक्टर हसले, आणि मग जो काही हशा उठला, त्यात मी रडत होते हे कुणाला दिसलंच नाही. मंदारने खिशातून पेन काढलं आणि खरंच परिचयाच्या कागदावर मशीनगन खोडून वर लिहिलं, एकशे अठरा.

"पण अप्पा, बंदूक नव्हतीच तुमच्याकडे?" डॉक्टरांनी विचारलं.

"होती की. सगळ्यांना असते. पण दोन्ही हातांनी खांद्यावरचा रश्शाचा कंटेनर धरल्यावर बंदूक धरू कशानं? पाठीला बांधायचो. चालताना ती ढुंगणावर आपटायची."

सईने हे वाक्य मार्गारेटबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

शाल अंगावर, मांडीवर नारळ, अशा थाटात अप्पांनी स्वतःच्या लढाईचा सिनेमा पाहिला. या वेळी झोपले नाहीत. कालव्याचा बांध, कुडकुडणारी पोरं, धुकं. मधूनमधून मान हलवत होते. कुणी पडलं की हात नारळावर घट्ट व्हायचा. एका पोराच्या वेळी नाव घेतलं, पुटपुटल्यासारखं, सिनेमातलं नव्हे, त्यांच्या आठवणीतलं. डॉक्टरही रक्ताबद्दल काही बोलले नाहीत.

आणि मग अप्पा एकदम ओरडले, "थांबवा! मागं घ्या!"

मंदारने मागे घेतलं. पडद्यावर अधिकारी नकाशावर बोट ठेवून बोलतोय, आणि त्याच्या पाठीमागून, कोपऱ्यात, एक माणूस कंटेनर खांद्यावर घेऊन जातोय. तीन सेकंद. आम्ही कुणीच त्याला पाहिलं नव्हतं.

"आला बघा," अप्पा म्हणाले. खुर्चीच्या कडेला आले होते. "परत दाखवा."

आम्ही तो माणूस सात वेळा पाहिला. अधिकारी बिचारा तेच वाक्य सात वेळा बोलला, त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. शेवटी अप्पा मागे टेकले आणि म्हणाले, "रिकामा आहे."

"काय?" मंदार.

"कंटेनर रिकामा आहे हो. भरलेला असता तर हा खांदा असा वर राहिला नसता. आणि तो माणूस सरळ चालतोय. भरला असला की माणूस एका बाजूला कलतो, आणि पाय असे रोवत टाकतो. सांडलं तर माघारी जाऊन परत करायला वेळ कुठाय?" ते उठलेच. शाल खुर्चीवर टाकली, भिंतीजवळचा पेंटचा भरलेला डबा खांद्यावर घेतला आणि गॅरेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. पडद्यासमोरून. लढाई त्यांच्या शर्टावर पडली होती. वाकलेला खांदा, रोवलेली पावलं, आणि नजर डब्यावर नाही, समोर.

मी हे चालणं ओळखलं. खडकीत नळाला पाणी नसलं की अप्पा हापशावरून घागर आणायचे, ते असंच. मी गॅलरीतून बघायचे. लढाई माझ्या डोळ्यांसमोरून रोज चालत होती आणि मी शाळेत मशीनगन शोधत होते.

"एवढी वर्षं हे सिनेमे बघतोय," डबा त्यांच्या खांद्यावरून उतरवून घेत मंदार म्हणाला, "हे नव्हतं कुणी सांगितलं." माझ्यावर तो चिडला, पण ते दोन दिवसांनी, आणि तेही मी एवढी खमंग गोष्ट त्याच्यापासून लपवली म्हणून.

पुढच्या रविवारी सिनेमा झालाच नाही. अप्पांनी गॅरेजमध्ये रस्सा केला. मोठं पातेलं मिळेना, तर डॉक्टर कुणाकडून तरी भलंमोठं आणून हजर. मटण कापताना अप्पा गुणगुणत होते. मी कांदा चिरून देत होते, आणि ते मला दोनदा ओरडले, फौजेत ओरडतात तसं, की एवढा जाड कांदा कुणाला खाऊ घालणार आहेस. तीस माणसं जेवली. मिठाचा अंदाज त्यांनी हातानेच घेतला, एकदाही चाखून बघितलं नाही. उन्हात बसून लोक बोटं चाटत होते. मार्गारेटबाईंनी घाम पुसत तिसऱ्यांदा वाटी पुढे केली, आणि सई, जी कधी मराठी बोलत नाही, ती ओरडली, "आजोबा, अजून!"

अप्पा ऑगस्टमध्ये परत गेले. आता खडकीत शेजारच्या पोरांना शक्करपारे शिकवतात. यंदा एप्रिलचा पहिला सिनेमा परवा झाला. मंदारने आता तपासणीच्या यादीत बटणांच्या आधी जेवण घातलंय. कुठल्याही देशाचा, कुठल्याही लढाईचा सिनेमा असो, मागून कुणी पातेलं, किटली, पोतं घेऊन गेलं की गॅरेजातून एकच ओरडा होतो आणि चित्र थांबतं. मग खांदा बघायचा. बहुतेक वेळा रिकामं असतं. एकदाच, कुठल्याशा जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमात, एक म्हातारा सूपची बादली घेऊन आला, कललेला, पाय रोवत. आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि लगेच खडकीला व्हिडिओ कॉल करून अप्पांना दाखवला. तिकडे सकाळ होती, ते दात घासत होते. "हा भरलाय," ते ब्रश काढून म्हणाले.

मला सांगायचं होतं ते हे नाही. ते काल झालं. काउंटरवर एक नेहमीचे आजोबा आले, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. कोटाला युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं लाल पॉपीचं कागदी फूल लावलेलं. मी गोळ्या समजावून सांगत होते, मागे रांग होती. त्यांनी विचारलं, तुमच्या घरात कुणी फौजेत होतं का? इथे या दिवसांत सहज विचारतात. या प्रश्नाला माझ्याकडे चाळीस वर्षं एक तयार उत्तर होतं.

"माय फादर," मी म्हटलं. "ही वॉज अ कुक."

मी थांबले, जरा वाट बघितली. ते हसले नाहीत. काउंटरवर कोपर टेकून, अगदी मन लावून, त्यांनी विचारलं, "एनी गुड?"

"हो," मी म्हटलं, मराठीतच. मग मोठ्याने, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं, "स्टिल इज."